तिसऱ्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

शाळेत माझी खोली कुठे आहे असं कुणी पालकांनी विचारलं, तर आमचा शिपाई सांगायचा, "उंटाच्या खोलीत जा." दारावर 'समुपदेशक' अशी पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. आमच्या मिशनच्या शाळेत नाताळचा गोठा मोठा सजवतात. त्यातले प्लास्टरचे मेंढपाळ, तीन राजे, गाढव आणि एक उंट वर्षाचे अकरा महिने ज्या कोठीत पडून असत, तीच कोठी झाडून मला दिली गेली. मेंढपाळ आणि राजे माळ्यावर चढवले. उंट माळ्यावर मावेना, तो माझ्या दाराआडच उभा राहिला. अठरा वर्षं आम्ही दोघांनी ती खोली वाटून घेतली. माझ्याकडे बघून ज्या पोरांच्या तोंडातून शब्द फुटत नसे, ती त्याच्याकडे बघून बोलायची. त्याच्या पाठीवर कुणीतरी सतराचा पाढा लिहून ठेवला होता, तोही चुकीचा.

समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे शेवटपर्यंत बऱ्याच जणांना कळलं नाही. काही शिक्षकांना वाटायचं, ही शिक्षेची नवी जागा आहे. "मार्था मिसकडे पाठवीन हं," असं म्हणून ते वर्ग शांत करायचे. गारखेड्याचे एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि नातवाला बाहेर बसवून मला म्हणाले, "पोराचं सोडा, बाई. आमच्या सुनेला चार शब्द सांगा, ती मोबाईल लई बघती." एका वडिलांनी विचारलं होतं की किती बैठकांत पोरगं डॉक्टरकीकडे वळेल, म्हणजे त्या हिशेबाने रजा टाकतो. अशा माणसांवर मी चिडायची आणि घरी जाऊन हसायची.

काम खरं तर साधं आहे. ऐकायचं, आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. सल्ला देणं त्यात फार कमी असतं. माझे वडील पाळक होते, एका लहानशा गावात. त्यांच्याकडे माणसं येऊन ओसरीवर बसायची, तासभर बोलायची, आणि वडील फक्त "हं" म्हणायचे. माणूस जाताना मात्र हलका होऊन जायचा. मी दाराआडून ते बघितलं होतं. पुढे मानसशास्त्राची पदवी घेतली, पदविका घेतली, पण ते "हं" काही मला वडिलांसारखं जमलं नाही. माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही. मला पुढे होऊन काहीतरी करायची घाई असते, आणि ज्या प्रसंगाविषयी लिहायला बसले आहे, तो या घाईतूनच घडला.

आमच्या शाळेत पन्नास जणांच्या वर्गात ख्रिस्ती मुलं चार-पाच. बाकी सगळी हिंदू आणि मुसलमान घरांतली. तरी शुक्रवारची प्रार्थना सगळ्यांची असायची. चॅपलच्या दाराशी एक लाकडी पेटी होती, टपालाच्या पेटीसारखी फट असलेली. आठवडाभर ज्याला वाटेल त्याने तीत चिठ्ठी टाकायची. शुक्रवारी सकाळी मैदानावर सिस्टर प्रिन्सिपल त्यातल्या चिठ्ठ्या माईकवर वाचायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर अख्खी शाळा म्हणायची, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." हजारभर गळ्यांचा तो आवाज लाउडस्पीकरवरून रस्त्याच्या पलीकडे जायचा. समोरचा इस्त्रीवालासुद्धा कधीकधी कपडे घडी करता करता पोरांबरोबर ती ओळ पुटपुटायचा.

चिठ्ठ्याही कशा असायच्या! "आजीचे गुडघे बरे होऊ दे." "पप्पांची बदली होऊ नये." "इंडियाने मॅच जिंकावी." "आमच्या गल्लीत नळाला पाणी दिवसा येऊ दे, आईची झोप होत नाही." आमच्या शहरातली पाण्याची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कळेल की ही शेवटची चिठ्ठी वाचल्यावर पोरं किती जीव तोडून म्हणायची ती ओळ.

सुरुवातीला पेटीशी माझा काही संबंध नव्हता. मग एका शुक्रवारी सातवीतल्या एका मुलाची चिठ्ठी वाचली गेली. वडिलांची दारू सुटू दे, असं त्याने लिहिलं होतं आणि खाली भाबडेपणाने स्वतःचं नावही घातलं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाला नवं नाव पडलं. मी तडक सिस्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "यापुढे चिठ्ठ्या आधी मी बघणार." सिस्टर केरळच्या, तीस वर्षं मराठवाड्यात काढलेल्या, मराठी सावकाश बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मार्था, चिठ्ठी देवाला लिहिलेली आहे. दुसऱ्याचं टपाल आपण फोडू नये." मी वाद घातला. गोपनीयता, मुलाची सुरक्षितता, सगळे शब्द वापरले. शेवटी पेटीची किल्ली माझ्याकडे आली, आणि खरं सांगते, जिंकल्याचा मला आनंद झाला होता.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी दार लावून पेटी उघडायची आणि टेबलावर तीन गठ्ठे करायची. पहिला गठ्ठा उद्या वाचायचा. दुसरा न वाचायचा, म्हणजे "गणिताच्या सरांना ताप येऊ दे" वगैरे. तिसरा गठ्ठा माझा. त्यात दुखलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या जायच्या. त्या वाचल्या जात नसत. ते मूल कोण, हे मी शोधून काढायची, काहीतरी निमित्ताने खोलीत बोलवायची आणि हळूहळू त्याला बोलतं करायची. नाव नसलेली चिठ्ठीसुद्धा मी अक्षरावरून ओळखायची. यात माझा हातखंडा होता. वह्या मागवून अक्षरं ताडून बघायची, कुणाचा 'ळ' कसा, कुणाची वेलांटी किती लांब, हे मला पाठ होतं. स्टाफरूममध्ये माझं कौतुक व्हायचं आणि मी वरवर "छे हो" म्हणत ते घ्यायची. ही गोष्ट मुलांनाही माहीत झाली होती. मार्था मिसला अक्षर कळतं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. त्याचा परिणाम काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी पेटीतून ही चिठ्ठी निघाली:

"माझ्या आईसाठी प्रार्थना करा. तिला लागलंय म्हणून नाही, लागू नये म्हणून. शनिवारच्या आत."

मी ती दोनदा वाचली. असं लिहिणाऱ्या मुलाने आधी बरंच काही पाहिलेलं असतं. आणि अक्षर? ते ओळखायला वह्या मागवायचीही गरज नव्हती. इतकं देखणं, मोत्यासारखं अक्षर शाळेत एकाच मुलीचं होतं. आठवीतली सना. तिचे वडील रशीदभाई पेंटर. क्रांती चौकाच्या बाजूला त्यांचं लहानसं दुकान होतं, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचं. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला होता, पण पोरीच्या हाताला त्यांनी वळण मात्र लावलं होतं.

मी सनाला बोलावलं. ती उंटासमोरच्या स्टुलावर बसली. मी अभ्यासाचं विचारलं, अम्मीचं विचारलं. "ठीक हाय," ती म्हणाली. मग मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिचा चेहरा उतरला. मग तिने एवढंच विचारलं, "मिस, ही उद्या वाचणार ना?"

मला वाटलं, पोरगी घाबरली आहे. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "नाही बेटा, अजिबात नाही वाचणार. ही आपल्या दोघींतच राहील."

तिने मान खाली घातली. तिला हायसं वाटलं, असं मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे. ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

आता या कामाचा नियम सांगते. घरात मारहाण होते असा संशय आला, तर मुलाशी एकदा नाही, अनेकदा एकट्याने बोलायचं. घरातल्या ज्या माणसावर संशय आहे, त्याला आधी मुळीच बोलवायचं नाही. आईशी गाठ घ्यायची, शाळेच्या प्रमुखांना सांगायचं, आणि धोका दिसला तर बालकल्याण समितीला कळवायचं. हे मी नव्या समुपदेशकांच्या शिबिरात स्वतः शिकवलं आहे. पण चिठ्ठीत "शनिवारच्या आत" असं होतं आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारच का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. मी सनाच्या घरी फोन लावला आणि निरोप दिला की उद्या सकाळी आई-वडील दोघांनी यावं.

शुक्रवारी सकाळी रशीदभाई एकटेच आले. सनाच्या आईकडे लग्नाच्या कपड्यांची शिलाई होती, माल त्याच दिवशी द्यायचा होता. मला मात्र वाटलं, हा माणूस बायकोला घराबाहेर पडू देत नाही. मनात एकदा गाठ बसली की माणसाला सगळ्या गोष्टी त्याच बाजूने दिसायला लागतात, हेही मी शिबिरात शिकवत असे.

बाहेर प्रार्थना सुरू झाली होती. माझी खिडकी गेटच्या बाजूला उघडायची. लाउडस्पीकर थेट खोलीत शिरत होता, कुणाच्या तरी मॅचची चिठ्ठी चालू होती. गेटपाशी एक बाई डबा घेऊन उभी होती. शाळेत रोज कुणी ना कुणी विसरलेला डबा घेऊन येतंच. रशीदभाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी उठले आणि खिडकी लावून घेतली.

मी आडवळणाने विचारत राहिले. घरात काही ताण आहे का, धंद्याचं कसं चाललंय, राग येतो का. रशीदभाई थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "मिस, मेरेकु घुमाके बात समझती नै. साफ बोलो ना."

मी साफ बोलले. तुमच्या घरात तुमच्या पत्नीवर हात उचलला जातो का, असं विचारलं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. नखांत निळा रंग अडकलेला होता. "मी बोर्ड रंगवतो, मिस," ते म्हणाले. "अठरा वर्षं झाली निकाहला. तिला विचारा. शेजाऱ्यांना विचारा. कुणालाबी विचारा." मग म्हणाले, "एक विचारू? हीच चिठ्ठी दुसऱ्या कुठल्या नावाच्या पोरीची निघाली असती, तर तिच्या बापाला असंच दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. तेव्हा ते मला खरं वाटलं होतं. आज विचाराल तर उत्तर नाही असं आहे. दुसरं नाव असतं तर मी आठ दिवस थांबले असते, वर्गशिक्षिकेशी बोलले असते, मुलीला चार वेळा बोलावलं असतं. या शहरात आम्ही ख्रिस्ती मूठभर. आमच्याविषयी लोक आधीच काहीतरी ठरवून बसतात, हे मी जन्मभर सोसलेलं आहे. आणि तरी मी तेच केलं. मला याची लाज वाटते, आणि ती वाटते हे इथे लिहिलं पाहिजे.

रशीदभाई उठले. सनाला शाळेतून काढलं नाही त्यांनी. फक्त जाताना दारातून म्हणाले, "पोरीला ते चिठ्ठी-बिठ्ठी लिहायला लावू नका आता." मला ते चमत्कारिक वाटलं. सनाला चिठ्ठ्या लिहायला कोण लावतं? पण मी विचारलं नाही.

तो शनिवार गेला. पुढचा गेला. काही घडलं नाही आणि मी स्वतःची समजूत घातली की माझ्या बोलावण्याने त्या माणसाला वचक बसला असेल.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी आठवीतली पल्लवी शाळेत आली नाही. पल्लवी म्हणजे सनाच्या बाकावरची मुलगी. वडील एका कारखान्यात सुपरवायझर, गावाकडे जमीन, गारखेड्यात स्वतःचा फ्लॅट. पालकसभेला पहिल्या रांगेत बसणारे, सगळ्या शिक्षकांना वाकून नमस्कार करणारे गृहस्थ. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पल्लवीची आई घरात पडली, ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं, दवाखान्यात आहे.

मधल्या सुट्टीत सना न बोलावता माझ्या खोलीत आली. बसली नाही. उंटाच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, ती चिठ्ठी माझी नव्हती. पल्लवीची होती. मी नुसती लिहून दिली."

मग सगळं बाहेर आलं. मार्था मिसला अक्षर कळतं, म्हणून वर्गातली मुलं सनाकडून चिठ्ठी लिहून घ्यायची. ती त्या वर्गाची अर्जनवीस होती. मॅचच्या, आजीच्या, सगळ्या वर्गाच्या चिठ्ठ्या तिच्या हातच्या. गेलं वर्षभर तिचं अक्षर माझ्या टेबलावरून जात होतं, पण त्या चिठ्ठ्या पहिल्या गठ्ठ्यात सरकवताना मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पल्लवीच्या वडिलांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असायची. आणि सनाने अल्लाची शपथ घेतली होती की पल्लवीचं नाव सांगणार नाही.

"मग तुझ्या अब्बांना मी इतकं बोलले, तेव्हा तरी..." मी म्हणाले.

"अब्बांना मी आदल्या रात्रीच घरी खरं सांगितलं, मिस. ते म्हणले, कसम खाल्ली ना, मग चुप रह. मला काय म्हणायचं ते म्हणू दे मिसला." ती रडायला लागली. "पल्लवीला वाटलं होतं, वाचली की होईल काहीतरी. तुम्ही नाही वाचणार, हे मला तिला सांगवलं नाय. वाचलीच नाय. मग ती म्हणली, आता मिसला सांगायला नको. मिस डायरेक्ट बापालाच बोलवत्या."

पल्लवीने माझं काम बघितलं होतं आणि त्यावरून जे ठरवायचं ते बरोबर ठरवलं होतं.

मी दवाखान्यात गेले. पल्लवीच्या आईचं डोकं बांधलेलं होतं, शेजारी सासू बसली होती. "ओट्यावर पडले," एवढंच ती बोलली. डाव्या कानाचं ऐकू येणं पूर्ण गेलं होतं, उजव्याचंही बरंचसं. पडून दोन्ही कान जातात का, हे डॉक्टरांनी विचारलं नसेल असं नाही. पण बाईच बोलत नव्हती. फर्दापूरहून तिचा भाऊ आला आणि त्याने तक्रार दिली. मी चिठ्ठी घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार भला माणूस होता. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "बाई, हिच्यावर नाव नाय, सही नाय. अक्षर दुसऱ्याच पोरीचं म्हणता. ही घेऊन मी काय करू?"

मी रशीदभाईंना फोन केला नव्हता. तेवढं तोंड मला नव्हतं. सनानेच घरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन ठाण्यात आले. ज्या माणसाला मी माझ्या खोलीत बसवून तसं विचारलं होतं, तो माणूस आपल्या तेरा वर्षांच्या मुलीचा हात धरून पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन तास बसला, दुसऱ्याच्या बायकोसाठी. चिठ्ठी कुणी सांगितली, काय सांगितलं, हे सनाने नीट सांगितलं. मी त्यांच्याशेजारी बसून माफी मागायला लागले.

"माफी राहू द्या, मिस," ते म्हणाले. "पोरीला आधी चाय पाजा. थरथरायलीय."

पुढे भाऊ पल्लवीला आणि तिच्या आईला फर्दापूरला घेऊन गेला. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला मामाच आला, पल्लवी आली नाही. कोर्टात तारखा पडतायत. पल्लवीचे वडील अजून त्याच कारखान्यात आहेत आणि मध्यंतरी बाजारात त्यांनी मला वाकून नमस्कारही केला.

पेटीची किल्ली मी सिस्टरांना परत दिली. त्यांनी एक शब्द सुनावला नाही, तो सुनावला असता तर बरं वाटलं असतं. उरलेली वर्षं मी काम केलं, आणि बरं केलं. काही मुलं आज नोकरीला लागून भेटायला येतात, पेढे आणतात. पण प्रत्येक शुक्रवारी ती ओळ कानावर आली की मी खोलीत काहीतरी आवरत बसायची.

या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात गेटवरची जुनी पाटी रंगवायचं काम निघालं होतं. शहराचं नाव बदललं, तरी पाटीवरचा पत्ता तसाच राहून गेला होता. शिडीवर रशीदभाई होते. मला बघून खाली उतरले. सना बारावीला असल्याचं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "पल्लवीला अजून खत लिहिते. कागदावर. पोरींचं काय सांगावं!" मी भीतभीत पत्ता मागितला. त्यांनी ब्रश पुसला आणि माझ्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून दिला. सनाचं अक्षर कुठून आलं, ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

फर्दापूरला मामाची खाणावळ आहे, लेण्यांना जाणारी माणसं जेवायला थांबतात तिथे. पल्लवी कॉलेजात गेली होती. तिची आई मागच्या बाजूला चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मामाने तिच्या खांद्याला हात लावून माझ्याकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, "उजव्या अंगानं बसा, बाई, अन् जोरात बोला. त्या कानानं थोडं येतं."

मी उजव्या बाजूला पाटावर बसले. मी कोण, ते मोठ्याने सांगितलं. ती ओळखीचं हसली. "उंटाच्या खोलीतल्या मिस," ती म्हणाली. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं बोलणं वर चढतं, तसा तिचा आवाज चढलेला होता. पर्समधून मी ती चिठ्ठी काढून तिच्यासमोर धरली. केससाठी तिची नक्कल गेली होती, मूळ चिठ्ठी माझ्याकडेच राहिली होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि चिठ्ठी हातात घेऊन हळूहळू वाचली.

"मी आले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "शाळेत. पल्लीनं मुद्दाम डबा घरी ठिवला. म्हणली, आई, डबा घेऊन प्रार्थनेच्या टायमाला ये, अख्खी शाळा तुझ्यासाठी प्रार्थना करणार हाय, गेटावर हुभं राहून ऐक. मी मनात ठरिवलं होतं, आपलं वाचलं की आत जायचं. पल्ली म्हणायची, एक मिस हायत, त्यांच्यापाशी बोललेलं भायेर जात नाय. हिंमत करून आले होते, बाई. पहिल्यांदाच."

मला ती गेटपाशी डबा घेऊन उभी असलेली दिसली. मी खिडकी लावतानाची.

"कुणाच्या आजीचं वाचलं. मॅचचं वाचलं. वॉचमन सारखा माझ्याकडं बघायला. लाज वाटली मला. डबा दिला त्याच्यापाशी अन् निघाले. पल्लीनं पुन्हा कधी विषय काढला नाय, मलाबी तिला विचारवलं नाय." तिने चिठ्ठी गुडघ्यावर सरळ केली. मग माझ्या तोंडाकडे बघत, माझे ओठ नीट दिसावेत म्हणून थोडं पुढे वाकून तिने विचारलं, "बाई, मी गेल्यावर वाचलं का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. हजार मुलांनी तुझ्यासाठी ती ओळ म्हटली, एवढं ऐकून तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. अठरा वर्षं समोरच्याला बरं वाटेल तेच शोधून बोलायची सवय झालेली. पण त्या चुलीसमोर मला खोटं बोलवेना.

मी मान हलवली. मग उजव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "नाही. वाचलीच नाही. मी बाजूला काढून ठेवली होती."

"वाचलीच नाय?"

"नाही."

तिने एक मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. "मग बरंय," ती म्हणाली. "चार वर्षं माझ्या मनात एकच. मीच दोन मिनटं आधी निघाले म्हणून."

तिने चिठ्ठीची घडी करून ती कमरेला खोचली आणि परातीतल्या पिठाचा पुढचा गोळा हातात घेतला. "बसा," ती म्हणाली, "जेवून जा."